नांदूरमध्यमेश्वर: आधी पाणी बघा, मग पक्षी

नाशिकहून नांदूरमध्यमेश्वरला जाणारे बरेच जण हिरमुसून परत येतात. घरून निघेपर्यंत आठ वाजलेले असतात, पोहोचेपर्यंत ऊन चढते. मनोऱ्यावरून दूर पाण्यावर काळे ठिपके दिसतात आणि त्यातले रोहित (फ्लेमिंगो) कोणते, हे कुणालाच सांगता येत नाही. वास्तविक महाराष्ट्रातले पाणपक्ष्यांचे हे सर्वांत समृद्ध ठिकाणांपैकी एक. १९८६ साली ते अभयारण्य झाले. पुढे राज्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, होण्याचा मानही त्यालाच मिळाला, लोणार आणि ठाण्याची खाडी त्याच्या मागून आली. इथे २५० हून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे. ते नीट पाहायचे तर तिथले पाणी कसे चढते-उतरते हे आधी समजून घ्यावे लागते. बाकीचे सारे नियोजन त्यावरच उभे राहते.

हे पाणी आले कुठून

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ ब्रिटिश काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, एक दगडी बंधारा बांधला गेला. उद्देश सिंचनाचा होता. इथून निघणारे गोदावरीचे डावा आणि उजवा कालवा कोपरगाव-राहात्याकडची शेती भिजवतात. बंधाऱ्यामागे पाणी पसरले, पुराबरोबर दर पावसाळ्यात गाळ येत राहिला आणि शंभर वर्षांत तळ वर आला. धरण म्हणून पाहिले तर हे नुकसानच, कारण साठवणक्षमता घटली. पक्ष्यांसाठी मात्र याच गाळाने जागा घडवली. कुठे गुडघाभर पाणी, कुठे नुसता चिखल, मधे बेटे, काठाला पाणकणसाचे दाट रान, आणि त्याला लागून गहू, हरभरा, ऊस, कांदा.

पाण्याची खोली हा इथला खरा नकाशा आहे. तुतवार, शेकाट्या, चिखल्या यांना चिखल किंवा बोट-दोन बोटे पाणी लागते. थापट्या, तलवार बदक, गडवाल, चक्रांग ही बदके बुडी मारत नाहीत. ती डोके पाण्यात आणि शेपूट आभाळाकडे अशी उलटी होऊन तळाचे खातात, म्हणून साधारण हातभर खोलीपर्यंतच्या पाण्यात दिसतात. लालसरी आणि शेंडीबदक बुडी मारणारे, ते खोल मोकळ्या पाण्यावर, काठापासून लांब राहतात. बगळे आपल्या पायांच्या उंचीइतक्या पाण्यात उभे राहतात, जांभळ्या पाणकोंबड्या पाणकणसातून फारशा बाहेर येत नाहीत. पाणी अर्धा-पाऊण मीटर चढले की चिखल बुडतो, चिखलावरचे पक्षी त्याच दिवशी दुसरीकडे जातात, आणि कालपर्यंत जिथे हजारो पक्षी होते तिथे नुसते पाणी उरते.

हे चढणे-उतरणे हिवाळ्यातही चालू असते. वर गोदावरीवर गंगापूर, दारणा नदीवर दारणा, कादवेवर पालखेड अशी धरणे आहेत. शेतीसाठी किंवा पिण्यासाठी आवर्तन (धरणातून ठरावीक पाणी सोडणे) सुटले की पाणी आधी या बंधाऱ्यात येते आणि मग कालव्यांत जाते. म्हणून निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी स्थानिक वर्तमानपत्रात आवर्तनाची बातमी पाहावी किंवा तिथल्या गाइडला फोन करून एकच प्रश्न विचारावा: "पाणी चढतंय की उतरतंय?" उतरत असेल तर चिखलावरच्या पक्ष्यांसाठी तो सर्वांत चांगला काळ, कारण रोज नवा चिखल उघडा पडतो आणि त्यातले किडे-अळ्या-शंख पक्ष्यांना मिळतात. नुकतेच चढले असेल तर बदकांवर भर ठेवावा आणि मनोऱ्यापेक्षा काठाच्या शेतांकडे, उथळ फाट्यांकडे अधिक वेळ द्यावा.

कोणत्या महिन्यात काय

जुलै ते सप्टेंबर हा पुराचा काळ. वरच्या धरणांतून विसर्ग वाढला की सायखेडा आणि चांदोरीत गोदावरीचे पाणी शिरते, २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिथे मोठा पूर आला होता. या दिवसांत बंधाऱ्यातून जायकवाडीकडे किती क्युसेक पाणी जाते याच्या बातम्या रोज येतात. आकडा मोठा असेल तेव्हा जाऊ नये, काठाच्या पायवाटा तर अजिबात वापरू नयेत. पूर नसताना पावसाळ्यात गेलात तर स्थानिक पक्ष्यांची वीण पाहायला मिळते. लांब शेपटीचा कमळपक्षी, पिल्ले घेऊन फिरणाऱ्या अडई, सुगरणीची घरटी. चप्पल किंवा गुळगुळीत तळाचे बूट मात्र नकोत, काळ्या मातीत पाय रुतला की चिखल वीतभर चढतो.

ऑक्टोबरात पाहुणे, म्हणजे स्थलांतरित पक्षी, यायला लागतात. या काळात बदके ओळखणे अवघड जाते, कारण नरांची रंगीत पिसे अजून आलेली नसतात आणि नर-मादी दोघेही तपकिरीच दिसतात. नवख्याने पहिली फेरी यावेळी केली तर निराशा पदरी पडते. डिसेंबरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत नर पूर्ण रंगात असतात, संख्याही सर्वांत मोठी असते. पहिल्या भेटीसाठी हाच काळ धरावा. फेब्रुवारीअखेर परतीची लगबग सुरू होते आणि मार्चमध्ये वाटेत थांबलेले काही वेगळे पक्षी दिसतात, पण दहानंतर ऊन सोसत नाही.

रोहितांबद्दल एक स्पष्ट सांगायला हवे. ते इथे दर वर्षी ठरल्यासारखे येत नाहीत. पाणी आणि खाद्य जुळले तर येतात, नाहीतर उजनी-जायकवाडीकडे राहतात. केवळ रोहितांसाठी जायचे असेल तर आधी गाइडकडून खात्री करून घ्या. इथली खरी श्रीमंती बदके, शराटी, पाणकोंबड्या आणि शिकारी पक्षी यांत आहे.

रस्ता

नकाशात नुसते "नांदूर" टाकले की घोळ होतो. नाशिक शहरात नांदूर नाका आहे, सिन्नर तालुक्यात नांदूर शिंगोटे आहे. अभयारण्याचे प्रवेशद्वार चापडगावला आहे, पण त्याच नावाची गावे शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातही आहेत. म्हणून "नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्य, चापडगाव, निफाड" असे पूर्ण लिहून शोधा आणि अंतर नाशिकपासून साधारण ४० किलोमीटर दाखवते का ते पाहा. ६०-७० दाखवत असेल तर चुकीचे ठिकाण निवडले गेले आहे.

नाशिकहून छत्रपती संभाजीनगर रस्त्याने नांदूर नाका, माडसांगवी, ओढा, चांदोरी. चांदोरीहून सायखेड्याकडे वळून गोदावरीचा पूल ओलांडायचा, तिथून म्हाळसाकोरे-मांजरगावच्या बाजूने खाणगाव थडी आणि चापडगाव. पहाटे सव्वा तास पुरतो. ऊसतोडणीच्या दिवसांत याच रस्त्यांवर दुहेरी ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात आणि कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवा किंवा परावर्तक पट्टी नसते. अंधारात आणि धुक्यात वेग ४० च्या वर नेऊ नका. दुचाकीवरून जाणाऱ्यांनी तर पहाटेचा हा टप्पा फारच सांभाळून करावा.

स्वतःचे वाहन नसेल तर रेल्वेने किंवा एसटीने निफाड गाठा आणि तिथून रिक्षा ठरवा. परतीचे भाडे त्याच वेळी ठरवून घ्या, चापडगावात ऐनवेळी रिक्षा मिळत नाही. मुक्कामासाठी खाणगाव थडीला वनविभागाचे विश्रामगृह आहे. आरक्षण आधी करावे लागते आणि हिवाळ्यातले शनिवार-रविवार लवकर भरतात. जमत असेल तर मधल्या वारी जा. रविवारी मनोऱ्यांवर गर्दी असते आणि आवाजाने जवळचे पक्षी आत सरकतात.

काय न्यायचे

निफाड हा राज्यातल्या सर्वांत थंड भागांपैकी एक. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा थंडीच्या लाटेत ५ अंशांच्या खाली गेल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतोच. पाण्याकाठी वारा असतो, त्यामुळे थंडी अधिक लागते. एकच जाड जॅकेट घेण्यापेक्षा दोन-तीन थर घाला, दहा वाजेपर्यंत ते एकेक करून उतरवायचे असतात. कानटोपी आणि बोटे मोकळी राहणारे हातमोजे घ्या. कपडे मातकट, मेंदी किंवा खाकी रंगाचे. पांढरा आणि भडक लाल रंग पक्ष्यांना लांबून दिसतो. माणशी दोन लिटर पाणी, नाश्ता, सुटे पैसे. तिकीट आणि कॅमेऱ्याचे शुल्क प्रवेशद्वारावर भरायचे असते आणि नेटवर्कवर विसंबून चालत नाही.

दुर्बीण हवीच. ८×४२ ही सर्वांत सोयीची: आठपट मोठे दिसते, आणि ४२ मिलिमीटरच्या पुढच्या भिंगामुळे पहाटेच्या कमी उजेडातही चित्र स्वच्छ राहते. १०×४२ ने थोडे जवळ दिसते, पण हात हलला की चित्रही अधिक हलते. २०पट, ३०पट अशा आकड्यांच्या स्वस्त दुर्बिणी घेऊ नका, हातात धरून त्यांतून काहीही स्थिर दिसत नाही.

दुर्बीण आपल्या डोळ्यांना जुळवून घेणे दोन मिनिटांचे काम आहे आणि बहुतेक जण तेच करत नाहीत. आधी दोन्ही नळ्या जवळ-लांब करून एकच गोल चित्र दिसेल असे करा. मग उजव्या बाजूचे पुढचे भिंग हाताने झाका आणि डाव्या डोळ्याने दूरची एखादी पाटी पाहत मधले चाक फिरवून ती स्पष्ट करा. आता डावे भिंग झाका आणि मधल्या चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. कडीवरचा आकडा लक्षात ठेवा, पुढे फक्त मधले चाक वापरायचे. चष्मा असेल तर डोळ्याजवळच्या रबरी कडा आत दाबा किंवा फिरवून खाली करा, नाहीतर चित्राच्या कडा काळ्या दिसतात. पक्षी शोधताना नजर पक्ष्यावरच ठेवून दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची. आधी दुर्बीण लावून मग पक्षी शोधायला गेलात की तो सापडत नाही.

दूरच्या बदकांसाठी स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिपाईवर लावायची एका डोळ्याची मोठी दुर्बीण, लागतो. तो विकत घेण्याची गरज नाही, इथल्या अनेक गाइडकडे असतो. गाइड हे आसपासच्या गावांतले तरुण आहेत, सकाळी कुठल्या कोपऱ्यात काय उतरले हे त्यांना माहीत असते. पहिल्या भेटीत गाइड न घेणे ही खोटी काटकसर आहे.

सकाळचा क्रम

हिवाळ्यात सूर्योदय सातच्या आसपास होतो. साडेपाचला नाशिक सोडले तर पावणेसातपर्यंत चापडगाव गाठता येते. अंधार असताना उसाच्या कडेने एकट्याने चालू नका. निफाड तालुक्यातल्या उसात बिबट्याचा वावर नेहमीचा आहे. गाडीतून उतरून लघवीसाठी उसाच्या कडेला बसणे तर टाळाच. उजाडेपर्यंत गाडीजवळ, घोळक्याने थांबा.

पहिला अर्धा तास कानांचा. डिसेंबर-जानेवारीत पाण्यावर धुके असते आणि कधी कधी साडेआठ-नऊपर्यंत हटत नाही. तेव्हा कॅमेरा पिशवीतून काढू नका, दव धरून भिंग ओले होते. अडईची बारीक शीळ, चक्रवाकाचा नाकातला "आँग आँग", टिबुकलीची खिदळल्यासारखी लांब थरथर, पाणकणसातून पाणकोंबड्यांचे कुरकुरणे. गाइडला प्रत्येक आवाज विचारून घ्या. धुके विरताना पक्षी काठाच्या अगदी जवळ असतात, कारण रात्रभर तिथे माणूस नसतो. त्यामुळे या वेळी जागेवरून हलायचे नाही. धुके हटताच पुढे पळत जाणारा माणूस सकाळचा सर्वांत चांगला देखावा स्वतःच उडवून लावतो.

याच सुमारास पट्टकादंब हंस शेतांतून पाण्यावर परततात. रात्री आणि पहाटे ते हरभरा-गव्हाच्या कोवळ्या पिकात चरतात, दिवसा पाण्यावर किंवा बेटावर विसावतात. मध्य आशियातून हिमालय ओलांडून येणारे हे पक्षी डोक्यामागच्या दोन काळ्या पट्ट्यांवरून लगेच ओळखू येतात. त्यांच्यासाठी शेतात उतरू नका. पीक तुडवले की शेतकऱ्याचे नुकसान होते आणि तो राग शेवटी पक्ष्यांवर निघतो. द्राक्षबागेत तर पाय ठेवूच नये, फवारणी केलेली असते.

साडेसात ते दहा हा पाहण्याचा मुख्य वेळ. चापडगावचा काठ नदीच्या दक्षिणेला आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून फिरतो, त्यामुळे पाण्याकडे तोंड केले की ऊन बहुतांश वेळ पाठीमागून किंवा बाजूने येते आणि रंग खरे दिसतात. पलीकडच्या कोठुरे-कुरुडगावच्या बाजूने पाहिले तर सकाळी डोळ्यांवर ऊन येते आणि सगळेच पक्षी काळे वाटतात. म्हणून सुरुवात चापडगावच्या मनोऱ्यांवरून करावी.

मनोऱ्यावर चढल्यावर लगेच दुर्बीण लावू नका. साध्या डोळ्यांनी पाणी डावीकडून उजवीकडे पाहून घ्या: चिखल कुठे, हिरवळ कुठे, मोकळे पाणी कुठे, थवा कुठे दाट आहे. मग दुर्बिणीने त्याच क्रमाने, जवळून दूर. एका जागी किमान वीस मिनिटे थांबा. पाणकणसातले पक्षी दहा-पंधरा मिनिटांनी बाहेर येतात, पाच मिनिटांत निघून जाणाऱ्याला ते कधीच दिसत नाहीत.

जवळ किती जावे, हे पक्षीच सांगतात. चरणाऱ्या बदकांच्या माना एकदम ताठ झाल्या की तिथेच थांबा. वारकरी आणि बदके चरणे सोडून हळूहळू आत पोहायला लागली की दोन-चार पावले मागे या. तेवढ्यावरही पुढे गेलात तर थवा उठतो. थंडीत प्रत्येक उड्डाणात साठवलेली चरबी खर्च होते आणि तीच त्यांच्या परतीच्या प्रवासाची शिदोरी असते. फोटोसाठी मुद्दाम थवा उडवणे, मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवणे, दगड मारणे किंवा ड्रोन उडवणे यांना अभयारण्यात मुभा नाही, आणि असे करणारा कुणी दिसला तर तिथल्या वनरक्षकाला सांगायला संकोचू नका.

कधी कधी कुणी काही न करताही सारा थवा उठतो. अशा वेळी पळणाऱ्या बदकांकडे पाहत बसू नका, त्यांच्या वर पाहा. पंख इंग्रजी व्हीसारखे उचललेले, पाणकणसावरून जेमतेम चार-पाच मीटर उंचीवर डोलत जाणारा दलदली भोवत्या दिसेल. तो वारंवार घिरट्या घालतो, ते निरोगी पक्ष्यांना पकडायला कमी आणि थव्यातला आजारी, मागे राहणारा कोण हे हेरायला जास्त. मादी गडद तपकिरी आणि डोके फिकट पिवळसर असते, आणि नरांपेक्षा माद्या व तरुण पक्षीच अधिक दिसतात.

साडेदहानंतर पाण्यावरून उष्ण हवा थरथरायला लागते आणि स्कोपमधून दोनशे मीटरपलीकडचे सारे वितळल्यासारखे दिसते. भिंग महाग असो वा स्वस्त, त्यावर उपाय नाही. मग मोर्चा काठच्या झाडांकडे, बांधांकडे वळवा: धोबी, खाटीक, नीलकंठी, सुगरण, तारांवर बसलेल्या भिंगऱ्या. दुपारी विश्रांती घ्या आणि जमले तर चारनंतर पुन्हा या. सूर्यास्तापूर्वीच्या पाऊण तासात शराटी, बगळे, पाणकावळे रांगा करून मुक्कामाच्या झाडांकडे जातात. मुलांना घेऊन जाणार असाल तर पहाटेपेक्षा ही वेळ बरी. थंडी कमी असते आणि सतत काहीतरी डोक्यावरून जात असते.

बदके कशी ओळखायची

रंगांपासून सुरुवात केली की गोंधळ होतो. आधी ते बुडी मारते का, ते पाहा. मारत असेल तर लालसरी, शेंडीबदक, नाहीतर वारकरी. वारकरी हे बदक नव्हेच, काळे अंग आणि कपाळावर पांढरा टिळा असलेला पाणकोंबडीचा भाऊबंद आहे. छोटी लालसरी आता जगभर संकटग्रस्त मानली जाते, ती दिसली तर संख्या मोजून ठेवा.

मग चोच. थापट्याची चोच टोकाला फावड्यासारखी रुंद असते आणि एकदा पाहिली की चुकत नाही. थापट्या एकेकटेही चरतात, पण त्यांचे खाणे पाहायचे तर एखादा दाट गोल घोळका शोधा. दहा-वीस पक्षी एकामागे एक, चोच पाण्यात घालून, गोल गोल फिरत असतात. त्यांच्या पायांनी ढवळलेल्या पाण्याबरोबर तळाचे सूक्ष्म जीव वर येतात, पुढच्याने ढवळायचे आणि मागच्याने चोचीच्या कडांच्या दातऱ्यांतून गाळून खायचे. काही मिनिटांनी घोळका दुसरीकडे सरकतो आणि पुन्हा तसाच फिरू लागतो. हळदीकुंकू बदकाची चोच काळी, टोकाला पिवळी आणि बुडाशी दोन लाल ठिपके. ही इथली रहिवासी, बाराही महिने दिसते.

तिसरी खूण बांधा आणि शेपूट. तलवार बदकाची मान लांब सडपातळ, नराची शेपूट टोकदार आणि छातीचा पांढरा रंग मानेच्या बाजूने पट्ट्यासारखा वर चढलेला. चक्रांग सर्वांत लहान, नराचे डोके तांबूस आणि डोळ्याभोवती हिरवा पट्टा. गडवाल नर लांबून राखाडी-करडा आणि फारसा नजरेत न भरणारा, पण शेपटीजवळ ठळक काळा. चक्रवाक केशरी, फिकट डोक्याचा, जोडीने, बहुधा पाण्याबाहेर काठावर उभा.

माद्या सगळ्या तपकिरी. त्यांच्यासाठी युक्ती साधी: त्या बहुधा आपल्याच जातीच्या नरांबरोबर असतात. शंका राहिली तर उडताना पंखावरचा चौकोनी पट्टा पाहा, गडवालचा पांढरा, चक्रांगचा हिरवा. तरीही ओळखता आले नाही तर वहीत "बदक, अनोळखी" असेच लिहा. अंदाजाने लिहिलेले नाव पुढे कायमची चुकीची नोंद होऊन बसते.

बदकांपलीकडे जांभळ्या पाणकोंबडीला दहा मिनिटे द्या. पाणकणसाचा देठ चोचीने उपटून ती एका पायाच्या लांब बोटांत मुठीसारखा धरते, चोचीपर्यंत उचलते, वरची साल सोलते आणि आतला पांढरा गाभा खाते. उरलेला देठ तसाच टाकून पुढचा उपटते. जिथे सोललेल्या देठांचा पसारा दिसेल तिथे थांबा, ती जवळपासच असते. हेच पाणकणीस फार माजले तर मोकळे पाणी बुजते, जलपर्णी त्यात भर घालते आणि बदके ती जागा सोडतात. म्हणून या वनस्पती अधूनमधून काढल्या जाताना दिसल्या तर अधिवास उद्ध्वस्त केला असा समज करून घेऊ नका.

फोटो काढणाऱ्यांसाठी थोडक्यात: ४०० मिलिमीटरपेक्षा लहान लेन्सने पाण्यावरचे पक्षी ठिपकेच येतात. उडत्या पक्ष्यासाठी शटर १/२००० च्या आसपास, बसलेल्यासाठी १/५०० पुरेसा. बदके वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उतरतात, त्यामुळे वारा तुमच्या पाठीमागून येत असेल तर ती तुमच्याकडे तोंड करून येतील. मनोऱ्याच्या कठड्यावर ट्रायपॉडपेक्षा धान्याची छोटी पिशवी ठेवून लेन्स टेकवणे सोपे जाते, आणि इतरांची जागाही अडत नाही.

नोंद आणि मदत

थवा मोजताना आधी दहा पक्षी मोजा, ते किती जागा व्यापतात हे डोळ्यांत साठवा आणि तेवढे तुकडे थव्यावर ठेवत जा. मोठ्या थव्यात शंभराचा तुकडा धरा. आकडा ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर तारीख, वेळ आणि जागेसह भरा. "खूप" किंवा "अनेक" यापेक्षा अंदाजे आकडाही उपयोगी असतो, कारण दर जानेवारीच्या आशियाई पाणपक्षी गणनेशी तो ताडून पाहता येतो. पट्टकादंब किंवा बदकाच्या गळ्यात रंगीत पट्टा, पायात कडी दिसली तर पट्ट्याचा रंग, त्यावरची अक्षरे आणि ती कोणत्या क्रमाने आहेत हे टिपा, जमल्यास स्कोपमधून मोबाइलने फोटो घ्या आणि बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) कळवा. अशा एका नोंदीवरून पक्षी कुठून आला आणि किती वर्षांचा आहे, हे कळू शकते.

संक्रांतीच्या आगेमागे येवला, निफाड, नाशिक सगळीकडे पतंग उडतात. नायलॉन मांज्यात पंख अडकलेले बगळे, शराटी या दिवसांत सापडतात. असा पक्षी दिसला तर मांजा ओढू नका, तो मांसात रुतलेला असतो. पक्ष्यावर जाडसर टॉवेल किंवा ओढणी टाका, डोके झाकले की तो शांत होतो. बगळ्याची चोच नेहमी स्वतःच्या चेहऱ्यापासून लांब धरा, घाबरलेला बगळा थेट डोळ्यावर वार करतो. दोन्ही पंख अंगाशी दाबून भोके पाडलेल्या खोक्यात ठेवा. पाणी पाजू नका, खायला घालू नका. मग वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा किंवा चापडगावच्या प्रवेशद्वारावरच्या कर्मचाऱ्यांकडे पक्षी द्या, आणि तो कुठे, कोणत्या झाडाला किंवा तारेला अडकला होता तेही सांगा, म्हणजे उरलेला मांजा काढता येतो.